पडल्यानंतर गेलेला भरवसा ओट्यापाशी परत मिळवता येतो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आत्मविश्वासाबद्दल जे काही छापून येते ते बहुधा परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी किंवा मुलाखतीला निघालेल्या तरुणांसाठी असते. घरी जाऊन व्यायाम शिकवणारे आम्ही फिजिओथेरपिस्ट ज्या माणसांसाठी हे पत्र लिहीत आहोत, ती सत्तरीच्या आसपासची आहेत. मोरीत पाय घसरतो, नाही तर उंबरठ्याला अंगठा अडतो. खरचटण्यापलीकडे काही होत नाही, एक्स-रे चांगला येतो, घरातले सुटकेचा श्वास टाकतात. आणि तरीही पंधरा दिवसांत देवळात जाणे बंद होते, महिन्याभरात जिना उतरणे बंद होते, पुढच्या सणापर्यंत पलंग, खुर्ची आणि संडास एवढ्यात दिवस मावतो. हाडे शाबूत आहेत, पण स्वतःच्या पायांवरचा भरवसा गेला आहे.

हा भरवसा परत येतो. 'काही होत नाही, घाबरू नका' असे दहादा सांगून तो येत नाही. रोजच्या कामांना बांधलेल्या, मोजता येतील अशा लहान लहान सवयींनी येतो. त्या सवयी कोणत्या, किती आणि कुठे चुकतात, हे नीट मांडावे म्हणून जरा लांबलचक लिहीत आहोत.

भीतीमुळे माणूस सावध चालतो आणि म्हणून सुरक्षित राहतो, अशी समजूत घराघरांत आहे. पायांचे मात्र उलटेच होते. घाबरलेला माणूस गुडघे आखडून धरतो, पाऊल उचलण्याऐवजी फरफटवतो, नजर स्वतःच्या अंगठ्यांवर खिळवतो. फरफटत्या पावलाला सतरंजीची कड अडते. नजर खाली असल्यामुळे वाटेत आलेला स्टूल उशिरा दिसतो. गुडघे ताठ असल्यामुळे, तोल गेल्यावर झटकन एक पाऊल पुढे टाकून सावरायचे असते, ते जमत नाही. त्यात हिंडणे-फिरणे कमी झाल्याने मांडीचे आणि पोटरीचे स्नायू उतरतात. भीतीपायी केलेली प्रत्येक काटकसर पुढच्या पडण्याची तयारी करत जाते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९९० मध्ये या भीतीसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची रचना शिकण्यासारखी आहे. 'तुम्हाला पडायची भीती वाटते का?' असे त्यांनी विचारलेच नाही. अंघोळ, कपाटापर्यंत हात पोचवणे, खुर्चीतून उठणे अशी दहा रोजची कामे घेतली आणि 'हे न पडता कराल असा भरवसा किती?' एवढेच प्रत्येकाबद्दल विचारले. त्यामागे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार होता. भरवसा हा माणसाचा सरसकट गुण नसतो, तो एकेका कामापुरता असतो. तो चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्याला करताना पाहिल्याने, कुणी सांगितल्याने आणि आपल्या शरीराच्या खुणा कशा वाचतो त्यावरून. पहिली वाट सगळ्यांत पक्की आहे. आपण घरी सगळा भर तिसऱ्या वाटेवर देतो, म्हणजे बोलण्यावर.

घरच्या घरी हीच पद्धत वापरा. आजींना किंवा आजोबांना पाच कामे विचारा: मोरीत अंघोळ, रात्री संडासला जाणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, जिना उतरणे, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणे. प्रत्येकाला शून्य ते दहा असा आकडा त्यांनीच द्यावा. तो कॅलेंडरच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा विचारा. 'सगळ्याचीच भीती वाटते' असे म्हणणाऱ्या माणसाचे आकडे बहुधा दोन कामांत २, दोनांत ५ आणि एकात ८ असे निघतात. तो ८ त्यांच्याच तोंडून निघालेला असतो, आणि सुरुवात तिथून करायची असते.

रोजच्या कामांना व्यायाम बांधायचा ही कल्पना हवेतली नाही. सिडनीत लिंडी क्लेमसन आणि सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या, आधी पडलेल्या ३१७ जणांवर वर्षभर अभ्यास केला. तो २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. एका गटाला वेगळी व्यायामाची वेळ न देता भांडी ठेवताना, दात घासताना, दारापर्यंत जाताना तोलाच्या आणि ताकदीच्या कसरती शिकवल्या. हलका व्यायाम करणाऱ्या गटाच्या तुलनेत या गटात पडण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झाले. ठरावीक व्यायामाचा तक्ता दिलेल्या तिसऱ्या गटात इतका स्पष्ट फायदा दिसला नाही. आपल्याकडेही अर्ध्या तासाचा तक्ता तिसऱ्या आठवड्यात फ्रिजवर चिकटलेला राहतो. चहा मात्र कुणी विसरत नाही. म्हणून कसरत चहाला बांधावी.

सुरू करण्याआधी थोडे थांबा. पडताना भोवळ आली होती, शुद्ध हरपली होती, छातीत धडधडले होते किंवा गेल्या सहा महिन्यांत दोन-तीनदा पडणे झाले असेल, तर आधी डॉक्टर. झोपेच्या, रक्तदाबाच्या, लघवीच्या गोळ्या, मोतीबिंदू, पायांना मुंग्या येणे हे सगळे त्यांच्या कानावर घाला. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ती माहिती डॉक्टरांच्या फार कामाची असते. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा मणक्याचे हाड खचलेल्यांनी पुढे दिलेले वाकणे आणि जमिनीवर बसणे विचारल्याशिवाय करू नये.

आता खुर्ची. या पत्रातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

हात नसलेली, भक्कम लाकडी खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवावी. बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटिमीटर, म्हणजे १७ इंच असावी. प्लास्टिकची खुर्ची नको, ती हलकी असते आणि फरशीवर तिचे पाय फाकतात. सोफाही नको, त्यात माणूस रुततो. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर सरकून बसावे. पावलांत खुब्यांइतके अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. मग पाठ न वाकवता कमरेतून पुढे झुकावे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. तिथे पोचल्यावर बैठक आपोआप हलकी होते. टाचांनी जमीन दाबत, श्वास सोडत उठावे. उभे राहून दोन अंक मोजावेत. बसताना मनात एक ते पाच म्हणत सावकाश खाली यावे.

चुका तीन होतात, आणि तिन्ही लांबून ओळखता येतात. पहिली, पावले पुढे राहतात. मग अंग मागे पडते आणि माणूस तीन-चार हिसके देऊन उठतो. 'पायात जोरच नाही' असे तो म्हणतो, पण चूक जोराची नसून पावलांच्या जागेची असते. पावले चार बोटे मागे घेतली की तोच माणूस एका दमात उठतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही उपदेशाने उमटत नाही. दुसरी चूक, शेवटच्या चार इंचांत धपकन बसणे. मांडीचे स्नायू सावकाश सोडायला विसरतात म्हणून हे होते. जिना उतरताना नेमके हेच स्नायू याच पद्धतीने लागतात, तेव्हा सावकाश बसणे हीच जिना उतरण्याची शिकवणी आहे. तिसरी, श्वास रोखून उठणे. त्याने रक्तदाब वरखाली होतो आणि उभे राहिल्यावर गरगरते.

पहिल्या आठवड्यात पाच वेळा, सकाळच्या आणि दुपारच्या चहाआधी. म्हणजे रोज दहा. सुरुवातीला तळहात मांड्यांवर टेकून उठले तरी चालते. बैठक फार खोल वाटली किंवा गुडघे दुखले तर घट्ट घडी केलेली सतरंजी खाली घालून उंची वाढवावी. मऊ उशी नको, ती हलते. दर आठवड्याला एकेक वेळ वाढवत एका बैठकीला दहापर्यंत जावे, मग हात छातीवर घ्यावेत, मग सतरंजीची एक घडी कमी करावी.

मोजमाप हवे असेल तर हात छातीवर फुलीसारखे ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. अमेरिकेत वापरतात त्या तक्त्यात ७० ते ७४ वयाच्या स्त्रीला १० पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी हे कमजोरीचे लक्षण धरतात. ८० ते ८४ साठी हेच आकडे ९ आणि १० आहेत. जन्मभर मांडी घालून जेवलेल्या आपल्या माणसांना तिथले आकडे जसेच्या तसे लावू नयेत. आपला पहिल्या दिवसाचा आकडा हीच आपली खूण. ५ चे ७ झाले तर ते फार मोठे आहे.

खुर्चीने ताकद येते, तोल येत नाही. तोलाची जागा स्वयंपाकघराचा ओटा. तो जड असतो, सरकत नाही, कमरेच्या उंचीला असतो आणि मागे खुर्ची ठेवायला जागा मिळते. गॅसपासून दूरच्या टोकाला, ओट्याकडे तोंड करून उभे राहावे. अनवाणी किंवा मागे पट्टा असलेल्या चपलेत. मोजे घालून फरशीवर कधीच नाही.

पायऱ्या चार. पावले जुळवून उभे राहणे. मग एका पावलाचा अंगठा दुसऱ्याच्या मध्यावर येईल असे अर्धे पुढे. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला चिकटवून एका रेषेत. शेवटी एका पायावर. प्रत्येक ठिकाणी १० सेकंद, पाय बदलून पुन्हा १०. तिसरी पायरी आधाराशिवाय १० सेकंद टिकत नसेल तर पडण्याचा धोका जास्त आहे असे मानतात, म्हणून खरी मेहनत तिथे.

पण प्रत्येक पायरीच्या आत हाताची आणखी एक उतरंड आहे, आणि भरवसा तयार होतो तो या उतरंडीत. आधी दोन्ही तळहात ओट्यावर. मग एक तळहात. मग दोन बोटे. मग एकच बोट, तेही नुसते टेकवलेले, भार न देता. शेवटी बोट ओट्यापासून दोन इंच वर, हवेत. टेकवलेले एक बोट अंग पेलत नाही, पण शरीर कोणीकडे कलते आहे हे मेंदूला कळवते. तेवढ्या खबरीवर घोटे आपले काम करतात. त्या बोटाखाली कागदाचा एक कपटा ठेवून पाहा. बोट नुसते टेकलेले असेल तर दुसरा माणूस तो कपटा अलगद ओढून घेऊ शकतो. निघत नसेल तर अजून भार हातावर आहे, घाई करू नये. एका ठिकाणी सलग तीन दिवस, ओटा न पकडता १० सेकंद जमले की पुढे. जमले नाही तर तिथेच.

उभे असताना घोटा थरथरतो आणि माणूस घाबरून ओटा पकडतो. ही थरथर म्हणजे घोट्याचे स्नायू तोल सावरत असल्याची खूण आहे. हे आधी सांगून ठेवावे. शरीराच्या खुणा वाचण्याची चौथी वाट ती हीच. तीच थरथर 'आता पडणार' अशी वाचली तर भीती वाढते, 'काम चालू आहे' अशी वाचली तर धीर येतो. गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ नसावेत. नजर समोरच्या मसाल्याच्या डब्यांवर. पायाकडे पाहिले की मान वाकते आणि तोल पुढे जातो.

याच्या जोडीला टाचा उचलून चवड्यांवर दहा वेळा उभे राहणे, आणि ओट्याच्या कडेने आडवे पाच पावले डावीकडे, पाच उजवीकडे. हे आडवे चालणे अनेकांना बिनकामाचे वाटते. खुब्याचे हाड मोडते ते बहुतेक कुशीवर पडल्याने, आणि कुशीकडे जाणारा तोल सावरतात ते खुब्याच्या बाजूचे स्नायू. पुढे-मागे चालून त्यांना पुरेसे काम मिळत नाही.

या कसरती कुकरला बांधता येतात. कुकर चढवल्यावर पहिली शिट्टी होईपर्यंत सात-आठ मिनिटे सहज जातात, त्यात हे सगळे बसते. पुरुषांनी दाढीला, जपमाळेला बांधावे. माळेच्या दहा मण्यांपर्यंत एक पाऊल दुसऱ्यापुढे, पुढच्या दहा मण्यांना पाय बदलून. एक हात भिंतीला.

मोरीबद्दल थोडक्यात, कारण तिथे सवयीपेक्षा हातोडी-खिळ्याचे काम जास्त आहे. टॉवेलची दांडी आणि नळ हे आधार नव्हेत, अंगाच्या भाराने ते उपटून येतात. भिंतीत स्क्रूने पक्की बसवलेली दांडी हवी, संडासच्या बाजूला एक आणि अंघोळीच्या जागी एक. अंघोळ बसून, रबरी बूट असलेल्या स्टुलावर. आतून कडी लावू नये. मोरीचे दार आत उघडत असेल तर पडलेला माणूस दारालाच आडवा येतो आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. सुतार ते उलटे बसवून देतो. गाऊन, लुंगी, नऊवारी काहीही असो, काठ घोट्याच्या दोन बोटे वर हवा.

रात्रीची सवय वेगळी लावावी लागते. जाग आल्यावर लघवीच्या घाईने माणूस ताडकन उठतो, रक्तदाब खाली येतो आणि तिसऱ्या पावलाला पडतो. उठून पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावे, पावले वरखाली वीस वेळा हलवावीत, मग उभे राहून पलंगाला हात लावून दहा अंक मोजावेत, मग निघावे. हे दिवसा चार-पाच वेळा करून ठेवले तरच अर्धवट झोपेत आठवते. पलंगापासून संडासपर्यंत छोटा दिवा रात्रभर लावून ठेवावा. चष्मा हाताशी.

आता ज्याच्याबद्दल फार कमी बोलले जाते त्याकडे येतो. अनेकांना भीती पडण्याची नसते. पडल्यावर उठता येणार नाही, कुणी येईपर्यंत फरशीवर पडून राहावे लागेल, याची असते. त्यावर एकच उपाय: जमिनीवरून उठायची रीत शिकून ठेवणे. जाड सतरंजीवर, शेजारी धडधाकट माणूस उभा असताना, आठवड्यातून दोनदा.

आधी कुशीवर वळायचे. खालच्या हाताचे कोपर आणि वरच्या हाताचा तळवा जमिनीला दाबून अर्धे बसायचे. तिथून गुडघ्या-तळव्यांवर, रांगणाऱ्या बाळासारखे. तसेच रांगत खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जायचे. दोन्ही हात बैठकीवर. जो पाय जास्त मजबूत, त्याचे पाऊल पुढे आणून जमिनीवर सपाट ठेवायचे, दुसरा गुडघा टेकलेलाच. मग हात आणि पुढचा पाय एकदम दाबून वर यायचे, वळायचे आणि बसायचे. दोन मिनिटे बसल्याशिवाय चालायचे नाही. यात अडते ते बहुधा रांगण्याच्या आधी, कारण गुडघ्यांना फरशी टोचते. गुडघ्यांखाली दुमडलेला टॉवेल घातला की काम होते. दुसरी अडचण म्हणजे माणूस पाऊल पुढे आणताना ते खुर्चीपासून फार लांब ठेवतो. खुर्चीच्या पायाला पाऊल जवळजवळ चिकटले पाहिजे.

ही रीत खऱ्या पडण्याला वापरताना आधी मिनिटभर पडूनच राहावे. खुब्यात किंवा मांडीच्या सांध्यात जोराची कळ असेल, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार लागला असेल तर उठायचे नाही, उठवायचे नाही. अंगावर चादर घालावी आणि १०८ ला फोन करावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांच्या डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावेच. भ्रमणध्वनी कपाटावर ठेवून उपयोग नाही, तो कमरेच्या पिशवीत किंवा गळ्यात हवा.

काठीबद्दल दोनच गोष्टी, पण रस्त्यावर दहापैकी निम्म्या काठ्या चुकीच्या दिसतात म्हणून लिहितो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. डावा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात, आणि काठी व डावा पाय एकाच वेळी पुढे. उंची मोजताना चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात मोकळे सोडावेत, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खालचे रबर गुळगुळीत झाले की बदलावे, काही रुपयांचेच असते. जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

घरातल्यांसाठी लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण तुम्ही करता ते प्रेमापोटी करता. पण 'तुम्ही बसा, मी देते' हे वाक्य दिवसातून पंधरा वेळा ऐकणाऱ्या माणसाचे दिवसातले पंधरा वेळा उठणे बुडते. पाण्याचा तांब्या, औषधाचा डबा, देवाची फुले असे एकेक काम त्यांच्याकडे राहू द्या. तांब्या अर्धा भरा, पण आणू त्यांनाच द्या. मागून 'अहो, पडाल!' असे ओरडू नका. तो आवाज ऐकून माणूस चालता चालता मान वळवतो आणि तोल नेमका तेव्हाच जातो. शेजारी येऊन 'ओट्याला हात लावा', 'जरा थांबा, मग वळा' असे काय करायचे ते सांगा. दंड धरून वर खेचू नका. त्याने त्यांचे नाक पायाच्या बोटांवर येण्याऐवजी अंग मागे जाते. कमजोर बाजूला, अर्धे पाऊल मागे उभे राहा, एक हात त्यांच्या कमरेजवळ न टेकवता ठेवा, आणि त्यांना तुमचा हात धरू द्या. धरणारा हात त्यांचा असला पाहिजे.

किती दिवस लागतात? नेमाने केले तर सहा ते आठ आठवड्यांत खुर्चीचे आकडे हलतात. भरवशाचे आकडे त्यामागून येतात, कधी महिनाभर उशिरा. मधे ताप आला, लग्नकार्यात आठवडा गेला, तर परतल्यावर दोन पायऱ्या खाली उतरून सुरू करावे. तिथूनच पुढे करायला गेले की पहिल्याच दिवशी तोल जातो आणि महिन्याची कमाई जाते. कॅलेंडरवर रोज एक टिंब करा. टिंब नसलेल्या दिवसांवरून बोलू नका.

बाहेर पडणेही असेच मोजून. पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंत, मग शेजारच्या इमारतीपर्यंत, मग दुकान. जिथे बसायला कट्टा आहे अशीच वाट निवडावी. चालताना कुणी बोलले की थांबूनच उत्तर देणारी वृद्ध माणसे जास्त पडतात, असे स्वीडनमधल्या एका अभ्यासात १९९७ मध्ये दिसले. चालणे आणि बोलणे दोन्हीला मेंदू लागतो, आणि चालण्यातच सगळा मेंदू खर्च होत असेल तर शिल्लक राहत नाही. म्हणून घरातल्या मोकळ्या खोलीत, भिंतीच्या कडेने चालत वीसपासून उलटे अंक म्हणण्याचा सराव करावा. रस्त्यावर मात्र बोलायचे असेल तेव्हा थांबावे. रस्ता ही सरावाची जागा नाही.

पंच्याहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट आहे. एसटीची पहिली पायरी घरातल्या पायरीपेक्षा बरीच उंच असते. ती चढवत नाही म्हणून कितीतरी जणांचा मोफत प्रवास कागदावरच राहतो. जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर, दोन्ही बाजूंना आधार घेऊन, पाऊल वर-खाली असे दहा वेळा, मग दोन आठवड्यांनी एकदम दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवून पाच वेळा, असा सराव घरी करता येतो. चढताना दोन्ही हातांनी दांडी धरता यावी म्हणून सामान खांद्याच्या पिशवीत.

दुसरी वाट, आपल्यासारख्याला पाहण्याची, घरात मिळत नाही. ती ज्येष्ठ नागरिक संघात मिळते, नाना-नानी पार्कच्या बाकावर मिळते. शेजारच्या इमारतीतल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकू हात न टेकता खुर्चीतून उठताना दिसल्या की त्याचे जे वजन पडते ते पंचविशीतल्या फिजिओथेरपिस्टने करून दाखवल्याने पडत नाही. हे आम्ही आमच्या व्यवसायाबद्दल मनापासून सांगतो. संघाच्या बैठकीची सुरुवात सगळ्यांनी मिळून दहा वेळा उठ-बस करून व्हावी, तीन मिनिटे लागतात, खुर्च्या तिथे असतातच.

तीन मागण्या आपल्या पत्राद्वारे मांडाव्याशा वाटतात. गृहनिर्माण संस्थांनी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावावा. एकाच बाजूला असतो तेव्हा एका हाताने कमजोर असलेला माणूस चढताना किंवा उतरताना, कुठे तरी एकदा निराधार होतोच. नगरपालिका आणि महापालिकांनी बागेतल्या निदान काही बाकांना हात बसवावेत आणि बैठक गुडघ्याइतकी उंच ठेवावी. आता आहेत त्यांतले बरेच बाक इतके बुटके आहेत की बसलेला माणूस उठवावा लागतो, आणि एकदा असे झाले की तो पुन्हा बागेत येत नाही. आणि पडून आलेल्या माणसाला 'हाड मोडलेले नाही' असे सांगून घरी पाठवताना रुग्णालयांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे मराठीत चार ओळी छापून द्याव्यात: खुर्चीतून उठ-बस दिवसातून दहा वेळा, ओट्यापाशी उभे राहणे, रात्री उठताना दहा अंक, आणि पंधरा दिवसांनी चालणे कमी झालेले दिसले तर परत या.

कळावे,

आपले विश्वासू,
गृहभेटी देणारे फिजिओथेरपिस्ट, पुणे